कोल्हापुरातील एका लहान इंटरनेट उद्योजकाचे विकिपीडियावर पान असावे का?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मराठी विकिपीडियावर गेल्या आठवड्यात आपल्या कोल्हापूरच्या एका उद्योजकांविषयी नवे पान तयार झाले आणि दोनच दिवसांत त्यावर उल्लेखनीयतेबद्दल शंका घेणारा साचा (पानाच्या माथ्यावरची सूचनापट्टी) लागला. मी तेथे काही वर्षे लिहीत असल्यामुळे पान राहावे असे वाटणारे आणि पान काढावे असे वाटणारे, असे दोन्हीकडचे लोक मला विचारू लागले, म्हणून हा धागा. हे गृहस्थ हयात आहेत आणि ही चर्चा त्यांनी मागितलेली नाही. त्यामुळे त्यांचे, त्यांच्या दुकानाचे किंवा संकेतस्थळाचे नाव मी देत नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनीही ते लिहू नये, ही विनंती.

पानातला मजकूर थोडक्यात असा आहे. या गृहस्थांनी २००१ च्या सुमारास राजारामपुरीतल्या एका इंटरनेट कॅफेत बसून कोल्हापूरची माहिती देणारे मराठी संकेतस्थळ सुरू केले. भाड्याच्या खोल्या, शिकवण्या, देवदर्शनाला येणाऱ्यांसाठी लॉज, लग्नाची कार्यालये अशा छोट्या जाहिराती त्यावर असत. काही वर्षांनी ते बंद पडले आणि पुढे त्यांनी कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकण्याचा व्यवसाय उभा केला, जो आजही चालू आहे. पानात त्यांना ‘मराठीतील पहिल्या संकेतस्थळाचे जनक’ म्हटले आहे आणि तीन पुरस्कारांची नोंद आहे.

विकिपीडियाचा निकष सोप्या भाषेत सांगायचा तर असा, की ज्या विषयावर पान लिहायचे त्याची दखल त्या विषयाशी हितसंबंध नसलेल्या आणि विश्वासार्ह अशा स्रोतांनी पुरेशा विस्ताराने घेतलेली असली पाहिजे. माणूस चांगला आहे का, त्याचा धंदा मोठा आहे का, हे तेथे विचारले जात नाही. पानाखाली नऊ संदर्भ होते आणि मी ते एकेक करून तपासले. चार त्यांच्याच संकेतस्थळाचे, दोन समाजमाध्यमांवरचे, एक पुरस्कार देणाऱ्या मंडळाच्या पानाचा, आणि उरलेले दोन २०२५ मधील वृत्तपत्रीय बातम्यांचे. त्या दोन बातम्यांतही त्यांची प्रतिक्रिया प्रत्येकी दोन वाक्यांची आहे.

‘पहिले’ हा दावा तर टिकतच नाही, कारण मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. तेवढे वाक्य मी लगेच काढले. बाकीच्या पानाचे काय करावे, याबद्दल आपले मत हवे आहे.

राजारामपुरी आठवी गल्ली

पान राहावे, असे माझे मत आहे आणि त्यामागे थोडी आठवणही आहे. शिक्षणासाठी मी गडहिंग्लजहून कोल्हापुरात आलो तेव्हा पहिली खोली मला याच संकेतस्थळावरून मिळाली. त्या काळी कॅफेत तासाचे पैसे मोजून बसावे लागे, डायल-अपची ती किरकिर ऐकत पान उघडण्याची वाट पाहावी लागे, आणि आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घेतल्याशिवाय एक अक्षर वाचता येत नसे. तरीही खोली शोधणारी पोरे तेच पान उघडत, कारण घरमालकाचा फोन नंबर मराठीत दुसरीकडे कोठे मिळतच नव्हता. आज त्या गोष्टीला कोणी किंमत देत नाही, म्हणून ती घडलीच नव्हती असे कसे म्हणता येईल?

शिवाय ज्या विश्वकोशात एखाद्या मालिकेतल्या दुय्यम पात्राला स्वतंत्र पान मिळते, तेथे प्रत्यक्षात काही उभे करून दाखवलेल्या माणसाला जागा नसावी, हे मला पटत नाही.

छापील पान

आठवी गल्ली, आपली आठवण खरी असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु आठवण हा संदर्भ होत नाही. आणि दुसऱ्या कोणाचे कच्चे पान टिकले आहे म्हणून हेही टिकावे, हा युक्तिवाद विकिपीडियावर फार जुना आहे. त्याला तेथे मिळणारे उत्तरही तितकेच जुने आहे: ते पान कच्चे असेल तर त्यावरही साचा लावा.

मी स्वतः एका दैनिकात बरीच वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले, त्यामुळे पुरस्कार आणि पुरवण्या यांबद्दल चार शब्द लिहितो. वर्धापनदिन, दिवाळी, गणेशोत्सव या निमित्ताने निघणाऱ्या ‘उद्योगभरारी’ छापाच्या पुरवण्यांत जो अर्धा पान परिचय येतो, तो बहुतेक वेळा वार्ताहराने लिहिलेला नसतो. जाहिरात विभागाचा माणूस दुकानात जातो, पाव पान जाहिरात ठरते, आणि तिच्यासोबत परिचय येतो. मजकूर दुकानदारच पाठवतात. आमच्याकडे तो फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहण्यासाठी येई. वाचकाला मात्र ती बातमी वाटते, कारण अक्षर तेच आणि स्तंभही तेच. भारतीय प्रेस परिषदेने २०१० मध्ये पेड न्यूजवर जो अहवाल मांडला तो मुख्यतः निवडणुकांच्या बातम्यांबद्दल होता. पुरवण्यांमधला हा व्यवहार त्याहून सौम्य आणि म्हणून अधिक सर्रास चालणारा आहे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, दुकानदारालाही नाही, आणि मी त्याला दोषही देत नाही. प्रश्न एवढाच, की अशा मजकुराला ‘स्वतंत्र दखल’ म्हणता येत नाही.

पुरस्कारांचेही तसेच. नोंदणीशुल्क भरून अर्ज करायचा आणि सभागृहात शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह घेऊन फोटो काढायचा, या प्रकारचे सोहळे आपल्या जिल्ह्यात वर्षाला किती होतात हे ज्याने त्याने आठवून पाहावे. ज्या पुरस्काराची बातमी फक्त देणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे असते, तो पानाला आधार देऊ शकत नाही.

उद्यमनगर

म्हणजे नियम मुंबई-पुण्याच्या मापाने कापलेला आहे, असे म्हणा. तेथल्या एखाद्या नवउद्योगाने गुंतवणूक उभी केली, की आठ दिवसांत दहा इंग्रजी संकेतस्थळांवर बातम्या येतात आणि पान पक्के होते. कोल्हापुरातला माणूस वीस-पंचवीस वर्षे स्वतःच्या पैशावर धंदा चालवतो, तर त्याच्यावर कोण लिहिणार?

डोना स्ट्रिकलंड यांचे उदाहरण सर्वांना माहीत असावे. त्यांच्यावरील पानाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियाने मे २०१८ मध्ये नाकारला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निकष इतके अचूक असतील तर हे कसे घडले?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

उद्यमनगरांचे दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

गुंतवणुकीच्या बातम्यांबद्दल त्यांचा समज उलटा आहे. इंग्रजी विकिपीडियावर कंपन्यांसाठीचा निकष सर्वसाधारण निकषापेक्षा कडक आहे, आणि भांडवल उभारणी, नवी शाखा, नवे उत्पादन, नव्या अधिकाऱ्याची नेमणूक अशा ठरावीक साच्याच्या बातम्या तेथे मुळात धरल्याच जात नाहीत, कारण त्या कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकावरून जशाच्या तशा उतरलेल्या असतात. मुंबई-पुण्याची अशी पाने टिकतात ती बऱ्याचदा कोणाचे लक्ष गेलेले नसते म्हणून.

स्ट्रिकलंड यांच्या बाबतीत चूक झाली हे खरेच आहे, पण ती कोणती हे नीट पाहिले पाहिजे. त्या प्राध्यापक होत्या, त्यांचे संशोधन प्रसिद्ध झालेले होते आणि त्यांच्या कामाची दखल त्या क्षेत्राने घेतलेली होती. मसुद्यात मात्र ते स्वतंत्र संदर्भ दिलेले नव्हते आणि तपासणाऱ्याने मसुद्यापलीकडे शोध घेतला नाही. त्या उदाहरणातून निघणारा धडा ‘निकष सैल करा’ असा नसून ‘नाकारण्याआधी स्वतः शोधा’ असा आहे. तो धडा मी आपल्या प्रकरणाला लावू इच्छितो, कारण येथेच मला या पानाची सर्वांत गंभीर अडचण दिसते.

या संकेतस्थळाचा बहराचा काळ म्हणजे साधारण २००१ ते २००८. त्या काळात मराठी संकेतस्थळे आणि वृत्तपत्रांच्या ऑनलाइन आवृत्त्या आपापल्या फॉन्टमध्ये चालत असत, युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या एकाच सामाईक अक्षरसंकेतात नव्हे. अशा पानावरचा ‘कोल्हापूर’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने ‘कोल्हापूर’ नसतोच. तो असतो रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा एक निरर्थक पुंजका, ज्याला तो विशिष्ट फॉन्ट मराठी रूप देतो. परिणाम असा, की आज आपण शोधयंत्रात नाव टाकले तर त्या सात-आठ वर्षांतले काहीच सापडत नाही. इंटरनेट अर्काइव्हवर काही जुनी पाने जपलेली असली, तरी फॉन्टअभावी ती वाचता येत नाहीत. म्हणून ‘शोधले, काही मिळाले नाही’ हे वाक्य २०१५ नंतरच्या विषयासाठी जितके वजनदार असते, तितके या विषयासाठी नाही. विकिपीडियाला ऑनलाइन संदर्भच हवा असतो, हा गैरसमज आहे. छापील अंकाची तारीख आणि पान क्रमांक दिला तरी तो पूर्ण संदर्भ होतो.

तेव्हा माझी विनंती आहे, की ज्यांना शक्य आहे त्यांनी जुन्या अंकांच्या फायली पाहाव्यात. तोवर पान काढण्याचा प्रस्ताव मी मांडणार नाही. २०२५ च्या बातम्यांवर मात्र पान उभे राहणार नाही, हे आताच सांगतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल दाखवली, गदारोळ झाला आणि प्रत्येक वार्ताहर चप्पल लाईनपासून सुभाषनगर-जवाहरनगरपर्यंत प्रतिक्रिया गोळा करत फिरला. त्या बातम्यांचा विषय चप्पल आणि तिचे कारागीर हा होता. ज्यांची दोन वाक्ये छापली गेली ते सारे त्यामुळे चरित्रविषय होत नाहीत.

पाटाकडील पाहुणा

या धाग्यावर लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. मी त्या गृहस्थांचा पुतण्या आहे आणि ते पान मीच तयार केले. काकांना ते दाखवले तेव्हा त्यांना आनंद झाला, पण त्यांनी ते करायला सांगितलेले नव्हते. ‘पहिले’ हा शब्द आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून लिहिला गेला. मायबोलीचे वर्ष पाहायला हवे होते, ती माझी चूक.

आणखी एक सांगतो. साचा लागल्यानंतर चौथ्या दिवशी एका एजन्सीचा फोन आला. ३५,००० रुपये दिले तर पान कायमचे ‘अप्रूव्ह’ करून देऊ, असे त्यांचे म्हणणे होते. आमचा नंबर त्यांना कोठून मिळाला हे कळले नाही. पैसे दिलेले नाहीत.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

आपण नाते उघड केलेत, हे उत्तम केलेत. हितसंबंध असलेल्या माणसाने लिहू नये असा सल्ला असला, तरी नाते सांगून चर्चापानावर माहिती देण्यास कोणतीही आडकाठी नाही. पैसे घेऊन लिहिणाऱ्यांना मात्र विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) वापर अटींनुसार २०१४ पासून ते जाहीर करणे बंधनकारक आहे.

त्या फोनविषयी सर्वांनाच सावध करतो. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने ‘ऑरेंजमूडी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकरणात ३८१ खाती बंद केली. त्या टोळीची रीत हीच होती: ज्यांचे मसुदे नाकारले गेले किंवा पाने काढली गेली असे छोटे व्यावसायिक आणि कलावंत हेरायचे, पैसे घेऊन पान चढवून द्यायचे, आणि पुढे ते ‘सांभाळण्यासाठी’ पुन्हा पैसे मागायचे. पान कायमचे मंजूर करणे ही गोष्ट विकिपीडियावर अस्तित्वातच नाही. जो ती विकतो तो फसवतो.

रंकाळ्याची संध्याकाळ

एक व्यावहारिक गोष्ट पुतण्यांच्या लक्षात आणून देते, रागावू नये. घरच्या माणसाला विकिपीडियाचे पान म्हणजे सत्कार वाटतो, पण त्या पानावर आपला ताबा नसतो. उद्या ग्राहकांच्या तक्रारींची बातमी एखाद्या चांगल्या दैनिकात आली, तर तीही त्याच पानावर संदर्भासह येईल आणि ती काढण्याचा अधिकार काकांना नसेल. मोठ्या माणसाच्या पानावर अशी एक ओळ चाळीस ओळींत सामावून जाते. ज्याच्यावर एकूण सहाच ओळी लिहिता येतात, त्याच्या पानावर तीच ओळ सर्वांत ठळक दिसते. आणि दुकानाच्या शोधक्रमांकासाठी पान हवे असेल, तर विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांना शोधयंत्रांनी मोजू नये अशी खूण २००७ पासून लावलेली असते.

छापील पान

दोन दुपारी गावातल्या एका जुन्या वाचनालयात घालवल्या. फायली बांधलेल्या आहेत, काही अंक गहाळ आहेत आणि धुळीने माझा दमा बळावला, पण काम झाले. तीन कात्रणे मिळाली.

पहिली २००३ ची एकस्तंभी बातमी. संकेतस्थळाचे नवे रूप अमुक पाहुण्यांच्या हस्ते खुले झाले, उपस्थितांची नावे, आभार. यात काही नाही.

दुसरा २००४ च्या वर्धापनदिन पुरवणीतला अर्धा पान परिचय. खाली त्यांचीच जाहिरात आहे आणि जाहिरातीतले एक वाक्य परिचयात शब्दशः आले आहे. तो मजकूर माझ्याच टेबलावरून गेला असण्याची शक्यता आहे, याचे मला हसू आले.

तिसरे कात्रण मात्र वेगळे आहे. २००६ च्या एका रविवार पुरवणीत वार्ताहराने शहरातल्या इंटरनेट कॅफेंवर मोठा लेख लिहिला आहे. त्यातले तीन परिच्छेद या संकेतस्थळावर आहेत आणि ते कौतुकाचे नाहीत, हे विशेष. भाड्याने गेलेल्या खोल्यांच्या जाहिराती महिनोन्‌महिने तशाच राहतात, ही विद्यार्थ्यांची तक्रार वार्ताहराने नोंदवली आहे. मालकांचे उत्तर दिले आहे, आणि मराठी फॉन्टच्या अडचणीमुळे जाहिरातदार इंग्रजीकडे वळत असल्याचे निरीक्षणही केले आहे. कोणीतरी स्वतः जाऊन, विचारून, दोन्ही बाजू ऐकून लिहिले आहे, हे वाचताच कळते. स्वतंत्र दखल म्हणतात ती अशी असते. पण ती एकच आहे, आणि संकेतस्थळाविषयी आहे. त्या गृहस्थांच्या जन्म-शिक्षणाविषयी, पुढच्या व्यवसायाविषयी तीत अक्षर नाही.

उद्यमनगर

एक तरी मिळाले. छापील पान, आपल्या दम्याची मात्र काळजी घ्या. माझे मत थोडे बदलले आहे, म्हणजे चरित्रपान नको, पण ते तीन परिच्छेद वाया जाऊ नयेत. मुख्य ‘कोल्हापूर’ पानात घालता येतील का?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

मुख्य पानात घालणे मला पटत नाही. ज्या पानावर अंबाबाईचे मंदिर, शाहू महाराज, कुस्ती आणि बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी यांना चार-चार ओळी मिळतात, तेथे बंद पडलेल्या एका संकेतस्थळाला दोन ओळी देणे हे प्रमाणाला धरून होणार नाही. ‘कोल्हापुरी चप्पल’ या पानातही नाही, कारण तेथे लिहायचे ते २०१९ चे भौगोलिक मानांकन, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले प्रत्येकी चार जिल्हे आणि कारागीर यांविषयी. विक्रेत्यांची यादी सुरू केली की ती थांबत नाही.

माझा प्रस्ताव असा आहे. चरित्रपान पुतण्यांच्या सदस्यपानाखालील धूळपाटीत (कच्च्या लेखनाच्या जागेत) हलवावे, म्हणजे मजकूर नष्ट होणार नाही आणि पुढे आणखी स्वतंत्र लेखन सापडले तर तेथूनच काम सुरू करता येईल. आणि युनिकोडपूर्व मराठी संकेतस्थळांवर एक नवे पान लिहावे. फॉन्टचा गोंधळ, वाचकाला करावी लागणारी उतरवणी, युनिकोडकडे झालेले स्थलांतर, आणि त्यात हरवलेला मजकूर हा विषय कोणत्याही एका उद्योजकापेक्षा मोठा आहे, त्यावर लिहिणारे स्रोत मिळू शकतात, आणि २००६ चा हा लेख तेथे उदाहरण म्हणून सहज बसतो. त्यात संकेतस्थळाचे नाव येईल, विद्यार्थ्यांची तक्रारही येईल. आठवी गल्लींच्या खोलीची गोष्ट मात्र येणार नाही, त्याबद्दल क्षमस्व.

छापील पान, कात्रणाची तारीख आणि पान क्रमांक चर्चापानावर नोंदवाल का? संपूर्ण लेखाचे छायाचित्र मात्र चढवू नये, स्वामित्वहक्काचा प्रश्न येईल.

पाटाकडील पाहुणा

धूळपाटीत हलवण्यास माझी हरकत नाही. काकांना सांगितले. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, त्या वार्ताहराने जाहिरातींविषयी लिहिले ते बरोबरच होते, रोज फोन करून खोली गेली का विचारायला माणूस परवडत नव्हता.

त्यांच्याकडे जुन्या संकेतस्थळाची एक सीडी आहे. नव्या पानासाठी त्यातल्या पडद्यांची चित्रे उपयोगी पडतील का? हक्क त्यांचेच आहेत आणि मुक्त परवान्याखाली द्यायला ते तयार आहेत. अडचण एवढीच, की सीडी चालते, पाने उघडतात, पण सगळी अक्षरे चिन्हांसारखी दिसतात. फॉन्टची फाइल त्यात नाही.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

संदर्भ म्हणून नाही, पण चित्र म्हणून अतिशय उपयोगी पडतील. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे मुक्त परवान्याच्या चित्रांच्या संग्रहात, काकांनी स्वतःच्या खात्यावरून चढवावीत. फॉन्टचे नाव पानाच्या सोर्समध्ये सापडेल, ते येथे लिहा.

राजारामपुरी आठवी गल्ली

नाव शोधण्याची गरज नाही. माझ्या जुन्या संगणकात तो फॉन्ट अजून आहे. माळ्यावरून काढून रविवारी चालू करून पाहतो, सीडी घेऊन या.